बसस्थानक आणि नगरजीवन : म्हैसूरचा अनुभव

शहरी वाहतुकीचा विचार करताना आपल्याकडे रस्त्यांची रुंदी, उड्डाणपूल, बसगाड्यांची संख्या आणि मेट्रोमार्गाची लांबी यांचीच चर्चा अधिक होते. वाहनात बसण्यापूर्वी प्रवासी ज्या जागेत उभा असतो, त्या जागेचा विचार मात्र क्वचितच केला जातो. वस्तुतः बसने प्रवास करणाऱ्या सामान्य नागरिकाच्या दिवसाचा बराच भाग या जागेत जातो. ही जागा केवळ वाहनाची वाट पाहण्याची आहे की शहरातील माणसांनी एकमेकांना भेटण्याचीही आहे, हा प्रश्न वरवर सौंदर्यदृष्टीचा वाटतो. प्रत्यक्षात तो सुरक्षितता, महिलांचा सार्वजनिक वावर, फेरीवाल्यांची उपजीविका आणि स्थानिक स्वराज्य संस्थांचे अधिकार या सर्वांशी निगडित आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ३१.१६ टक्के, म्हणजे सुमारे ३७.७ कोटी लोक शहरांत राहत होते. त्यानंतरच्या काळात शहरे अधिक विस्तारली आहेत. त्यामुळे या प्रश्नाकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही.

भेटीचे ठिकाण कसे घडते?

मुंबईकर मित्राला भेटायचे ठरवतो तेव्हा ‘इंडिकेटरखाली भेटू’ असे सांगतो. इंडिकेटर लावणाऱ्या रेल्वे अभियंत्याने तेथे भेटीगाठी व्हाव्यात असा काही विचार केला नव्हता. तरीही ती जागा भेटीची झाली, कारण ती लांबून दिसते, डोक्यावर छप्पर आहे आणि समोरचा येईपर्यंत आपल्याला गाडीची माहितीही मिळत राहते. टोकियोतील शिबुया स्थानकाबाहेर, दिवंगत मालकाची वाट पाहत राहिलेल्या हाचिको या कुत्र्याचा पुतळा १९३४ मध्ये उभारण्यात आला. आज ते त्या महानगरातील भेटीचे सर्वांत परिचित स्थळ आहे. खूण, छाया, आसन आणि माहिती एकत्र आली की लोक आपोआप थांबतात. अमेरिकी अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी न्यूयॉर्कमधील लहान चौकांचे वर्षानुवर्षे निरीक्षण करून १९८० मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतील सर्वांत गाजलेला निष्कर्ष अगदी साधा आहे. जेथे बसायला जागा असते तेथे लोक बसतात. हे सिद्ध करण्यासाठी एवढा अभ्यास करावा लागला याचे नवल वाटते खरे. परंतु आपल्याकडील अनेक बसथांबे पाहिले की तो निष्कर्ष पुन्हा सांगण्याची गरज पटते.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाला हा अनुभव नवा नाही. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली आणि पुढील काही दशकांत तालुक्याच्या गावातील एस.टी. स्थानक हे त्या गावाचे जणू दुसरे चावडीचे ठिकाण बनले. वर्तमानपत्राचा स्टॉल, उपाहारगृह, चौकशीची खिडकी आणि फलाटावरील सिमेंटचे बाक एवढ्या मोजक्या साधनांवर हे घडले. बाजारच्या दिवशी आलेला शेतकरी, माहेरी निघालेली सासुरवाशीण, महाविद्यालयीन विद्यार्थी हे सर्व एकाच छपराखाली थांबत. शहरी स्थानकांची रचना करताना मात्र ही जुनी समज बहुधा बाजूला राहिली.

राजवाड्याशेजारचे बसस्थानक

या दृष्टीने म्हैसूर शहराचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. २०१४ पासून अधिकृतपणे मैसूरु असे नाव असलेल्या या शहराची लोकसंख्या २०११ मध्ये सुमारे नऊ लाख होती. म्हणजे हे शहर महानगरांच्या पंक्तीत बसत नाही, मेट्रोही तेथे नाही. शहरांतर्गत सार्वजनिक वाहतुकीचा भार कर्नाटक राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या बसगाड्यांवर आहे. देशातील बहुसंख्य मध्यम शहरांची स्थिती अशीच असल्याने म्हैसूरचा अनुभव त्यांना अधिक जवळचा ठरतो.

म्हैसूरचे शहर बसस्थानक राजवाड्याच्या उत्तरेस, कृष्णराज चौकालगत आहे. तेथून पायी जाण्याच्या अंतरात देवराज मार्केट, रंगाचार्लू स्मारक सभागृह म्हणजेच १८८४ चे टाउन हॉल, आणि दोन घड्याळ मनोरे आहेत. चौथे कृष्णराज वडियार यांच्या कारकिर्दीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त राजवाड्यातील कर्मचाऱ्यांनी १९२७ मध्ये उभारलेला सुमारे ७५ फूट उंचीचा मनोरा ‘दोड्ड गडियार’, म्हणजे मोठे घड्याळ, या नावाने ओळखला जातो. देवराज मार्केटसमोरचा लॉर्ड डफरिन यांच्या नावाचा मनोरा ‘चिक्क गडियार’, म्हणजे लहान घड्याळ. मार्केटलगतच्या मुख्य रस्त्याला बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड यांचे नाव आहे, हे मराठी वाचकांना ठाऊक असावे. शहराची बाजारपेठ, सभागृह आणि राजवाडा यांच्या मध्यभागी बसस्थानक असणे ही नियोजनदृष्ट्या मोठी जमेची बाजू होय. अनेक शहरांनी जमिनीच्या किमतीचे व कोंडीचे कारण पुढे करून बसस्थानके वेशीबाहेर नेली. म्हैसूरमध्ये चामुंडी टेकडीला जाणारी २०१ क्रमांकाची बस आजही शहराच्या हृदयातून सुटते. भाविक, पर्यटक आणि बाजारहाट करून परतणाऱ्या गृहिणी या एकाच स्थानकात एकत्र येतात.

तथापि या रचनेची एक उणीव नमूद केली पाहिजे. रेल्वेस्थानक, उपनगरीय व आंतरजिल्हा बसगाड्यांचे स्थानक आणि शहर बसस्थानक ही तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. अंतर फार नाही. परंतु सामान घेऊन, मुलांना सांभाळत, रहदारीचे रस्ते ओलांडत ते कापावे लागते. परगावाहून आलेल्या प्रवाशाचे शहराशी पहिले नाते या मधल्या रस्त्यावरच जुळते किंवा बिघडते. विविध वाहतूक साधनांची सांगड, हा पाठ्यपुस्तकी वाटणारा विषय येथे पायाखाली येतो. ४ जून २०१७ रोजी म्हैसूरमध्ये सुरू झालेली ‘ट्रिन ट्रिन’ ही ४५० सायकलींची सार्वजनिक सायकल योजना याच मधल्या अंतरासाठी उपयुक्त ठरणारी होती. जागतिक पर्यावरण सुविधेच्या साहाय्याने राबविलेला हा देशातील अशा स्वरूपाचा एक आरंभीचा उपक्रम होता.

अनिश्चिततेचे ओझे

राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरण, २००६ ने वाहनांऐवजी माणसांच्या वहनाला प्राधान्य देण्याचे तत्त्व स्वीकारले. त्याआधी ३ डिसेंबर २००५ रोजी जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान सुरू झाले होते आणि त्यात म्हैसूरचा समावेश होता. पुढे केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने जागतिक बँक व जागतिक पर्यावरण सुविधा यांच्या साहाय्याने शाश्वत शहरी वाहतूक प्रकल्प हाती घेतला. या प्रकल्पात पिंपरी-चिंचवड, इंदूर, नया रायपूर आदी शहरांबरोबर म्हैसूरचीही निवड झाली. म्हैसूरने त्यातून बुद्धिमान वाहतूक प्रणाली उभारली. २०१२-१३ मध्ये कार्यान्वित झालेल्या या प्रणालीत सुमारे ५०० बसगाड्यांवर उपग्रहाधारित स्थाननिर्धारण यंत्रे बसविण्यात आली. स्थानके व निवडक थांब्यांवरील फलकांवर पुढील बस किती मिनिटांत येईल हे दिसू लागले, गाडीत पुढील थांब्याची घोषणा होऊ लागली. ‘मित्र’ हे या सेवेचे नाव होते.

अशा प्रणालीचे मूल्यमापन बहुधा इंधनबचत, फेऱ्यांची नियमितता आणि उत्पन्न या निकषांवर होते. तिचा स्थानकाच्या सामाजिक स्वरूपावर होणारा परिणाम मात्र दुर्लक्षित राहतो. बस केव्हा येईल हे माहीत नसलेला प्रवासी जागचा हलत नाही. तो रस्त्याच्या कडेला, बहुतेक वेळा कडेच्याही पुढे, मान लांब करून उभा राहतो. त्याची नजर शेजारच्या माणसाकडे नसते. बस पंधरा मिनिटांनी येणार आहे हे समजलेला प्रवासी मात्र मागे सरकतो, चहा घेतो, मार्केटमधून म्हैसूर मल्लिगेचा गजरा किंवा विड्याची पाने घेऊन परततो, ओळखीचे कोणी दिसल्यास बोलत बसतो. घड्याळातील मिनिटे दोघांचीही तेवढीच जातात. पहिल्याच्या वाट्याला ताण येतो आणि दुसऱ्याच्या वाट्याला विसावा. स्थानक माणसांचे व्हावे असे वाटत असेल तर वास्तुरचनेवर खर्च करण्यापूर्वी वेळापत्रकाची खात्री दिली पाहिजे, हे म्हैसूरच्या प्रयोगातून निघणारे सर्वांत महत्त्वाचे अनुमान आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. अर्थात, फलक बंद पडला किंवा त्यावर चुकीची वेळ दिसू लागली की प्रवाशांचा विश्वास लगेच उडतो आणि ते पुन्हा रस्त्याच्या कडेला येऊन उभे राहतात. म्हणून देखभालीसाठीची तरतूद ही उभारणीच्या तरतुदीइतकीच निर्णायक असते.

थांबा कोणाचा?

स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासकांनी येथे एका घटनात्मक तरतुदीकडे लक्ष द्यावे. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवावयाचे १८ विषय आहेत. त्यांतील सतरावा विषय सार्वजनिक सुविधांचा असून त्यात पथदिवे, वाहनतळ व सार्वजनिक सोयींबरोबर बसथांब्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे थांबा हा नगरपालिकेच्या कक्षेतला विषय ठरतो. बस मात्र १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळे अधिनियमाखाली स्थापन झालेल्या राज्याच्या महामंडळाची, रस्ता कधी महापालिकेचा, कधी सार्वजनिक बांधकाम विभागाचा तर कधी राष्ट्रीय महामार्गाचा, वाहतुकीचे नियंत्रण पोलिसांचे आणि निवाऱ्याचे छत अनेकदा लोकप्रतिनिधींच्या स्थानिक विकास निधीतून. अशा निवाऱ्यांवर नावाची पाटी मोठी आणि बाक लहान, हे दृश्य महाराष्ट्रातही अपरिचित नाही.

या विभागणीचे परिणाम म्हैसूरमध्ये नोव्हेंबर २०२२ मध्ये दिसून आले. ऊटीकडे जाणाऱ्या मार्गावर आमदार निधीतून बांधलेल्या एका बसनिवाऱ्याच्या तीन घुमटांवरून वाद उद्भवला. ते घुमट मशिदीसारखे दिसतात असा एक पक्ष होता, तर रचना म्हैसूर राजवाड्यावरून घेतली आहे असा दुसरा. रस्ता राष्ट्रीय महामार्ग असल्याने महामार्ग प्राधिकरणाने नोटीस बजावली आणि अखेर बाजूचे दोन घुमट उतरविण्यात येऊन मधला एक शिल्लक राहिला. साधा बसनिवाराही लोकांच्या दृष्टीने शहराच्या ओळखीचा भाग असतो, ही गोष्ट या प्रकरणातून स्पष्ट झाली. त्याचबरोबर रचनेला मान्यता कोणी द्यायची, वापरणाऱ्यांचे मत केव्हा विचारायचे, हे आधी ठरलेले नसेल तर चर्चा छपराच्या आकाराभोवती फिरते आणि छपराखालच्या प्रवाशापर्यंत पोचत नाही. राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणाने दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी एकात्मिक महानगर परिवहन प्राधिकरणाची शिफारस केली ती अशाच विस्कळीतपणावर उपाय म्हणून.

महिला, वृद्ध आणि दिव्यांग प्रवासी

कर्नाटकात ११ जून २०२३ रोजी ‘शक्ती’ योजना सुरू झाली. राज्यातील महिलांना राज्य परिवहनाच्या साध्या बसगाड्यांतून राज्यांतर्गत विनामूल्य प्रवासाची मुभा मिळाली. महाराष्ट्रात ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना २६ ऑगस्ट २०२२ पासून एस.टी.चा मोफत प्रवास आणि महिलांना १७ मार्च २०२३ पासून भाड्यात ५० टक्के सवलत लागू झाली. या योजनांच्या आर्थिक बाजूची चर्चा पुष्कळ झाली आहे. स्थानकाच्या दृष्टीने त्यांचा अर्थ वेगळा आहे. पूर्वी जो वर्ग क्वचित प्रवास करीत असे तो आता नियमितपणे स्थानकात येऊ लागला. तिकिटाची अडचण दूर झाली, परंतु स्वच्छ प्रसाधनगृह, पुरेसा उजेड आणि बसण्याची जागा नसेल तर सवलतीचा लाभ अर्धाच पदरात पडतो. लहान मुलांच्या मातांसाठी महाराष्ट्रातील एस.टी. स्थानकांत ‘हिरकणी कक्ष’ सुरू करण्यात आले, त्यामागे हीच जाणीव होती.

सुरक्षिततेचा विचार करताना कॅमेरे व सुरक्षारक्षक यांवर भर दिला जातो. अमेरिकी लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ मध्येच दाखवून दिले होते की रस्ता सुरक्षित राहतो तो प्रामुख्याने तेथे सतत वावरणाऱ्या सामान्य माणसांच्या नजरेमुळे. रात्री नऊ वाजता फुलवाली, चहावाला आणि वर्तमानपत्रवाला आपापल्या जागी असतील तर एकट्या मुलीला तेथे थांबणे सोपे जाते. हे विक्रेते हटवून स्थानक ‘मोकळे’ केले की ते निर्मनुष्यही होते. पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४ मध्ये ‘नैसर्गिक बाजार’ ही संकल्पना आहे. ग्राहक व विक्रेते परंपरेने जेथे एकत्र येतात अशा जागा ओळखणे आणि पथविक्रीचे नियोजन करताना त्यांचा विचार करणे त्यात अपेक्षित आहे. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे आणि त्यांतील एकतृतीयांश महिला असाव्यात, अशी तरतूद आहे. बसस्थानकाचा दर्शनी भाग हा नैसर्गिक बाजाराचा ठळक नमुना होय. पदपथ अडू नये आणि विक्रेताही राहावा, यासाठी जागेची आखणी स्थानकाच्या मूळ आराखड्यातच करावी लागते. नंतर ती अतिक्रमणविरोधी पथकाकडे जाते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार बसथांबे, रेल्वेस्थानके व विमानतळ येथे दिव्यांगांसाठी सुविधा पुरविणे शासनाचे कर्तव्य आहे. उतारमार्ग बांधला जातो. पण तो पदपथाच्या तुटलेल्या कडेशी संपतो, असे चित्र अनेक शहरांत आढळते.

व्यापारी संकुल की चौक?

स्थानकाच्या जागेवर व्यापारी बांधकाम करून खर्च भागविण्याची कल्पना आकर्षक आहे. नवी मुंबईत सिडकोने तिचा मोठ्या प्रमाणावर अवलंब केला. मानखुर्द–बेलापूर–पनवेल रेल्वेमार्गाच्या खर्चातील ६७ टक्के वाटा सिडकोने आणि ३३ टक्के रेल्वेने उचलला, स्थानकांवर व भोवती व्यापारी जागा विकसित करून निधी उभा केला. १९९२ मध्ये सुरू झालेले वाशी स्थानक हे त्याचे परिचित उदाहरण आहे. जमिनीच्या वाढीव मूल्यातून सार्वजनिक सेवा उभी राहू शकते, हे या प्रयोगाने सिद्ध केले. बंगळूरमध्ये महानगर परिवहन महामंडळाने नागरी पुनरुत्थान अभियानाच्या निधीतून शांतिनगर, जयनगर आदी ठिकाणी बसस्थानक, वाहनतळ व दुकाने एकत्र असलेली संकुले बांधली. अशा संकुलांची अडचण अशी की दुकानाचे भाडे मोजता येते, बाकावरच्या विसाव्याचे मूल्य मात्र हिशेबात येत नाही. परिणामी जागेची टंचाई भासली की आधी बाक जातात. फुकट बसता येईल अशी जागा किती ठेवायची हे करारातच चौरस मीटरमध्ये नमूद केले तरच ती टिकते.

रेल्वेच्या अमृत भारत स्थानक योजनेत १,३०० हून अधिक स्थानकांचा पुनर्विकास हाती घेण्यात आला असून त्यांपैकी ५०८ स्थानकांच्या कामांची पायाभरणी ६ ऑगस्ट २०२३ रोजी झाली. स्थानकाने शहराच्या दोन्ही बाजू जोडाव्यात आणि दीर्घकाळात ते नगरकेंद्र व्हावे, ही या योजनेतील भूमिका स्वागतार्ह आहे. म्हैसूर रेल्वेस्थानकाजवळ १९७९ पासून रेल्वे संग्रहालय आहे. गाडी पकडायची नसतानाही कुटुंबे मुलाबाळांसह स्थानकाच्या परिसरात का येतात, हे पाहण्यासाठी ते सोयीचे ठिकाण आहे.

थांबण्याची जागा आणि जीविताची सुरक्षा

बाक, छप्पर आणि मोकळी जागा या चैनीच्या बाबी आहेत, असा समज अद्याप पूर्णपणे गेलेला नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत परळ व एल्फिन्स्टन रोड (२०१८ पासून प्रभादेवी) स्थानकांना जोडणाऱ्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा मृत्यू झाला. अचानक आलेल्या पावसामुळे लोक पुलावर व जिन्यातच आडोशाला थांबले आणि मागून येणाऱ्या गाड्यांतील प्रवाशांची त्यांत भर पडत गेली. पावसात थांबण्यासाठी दुसरी जागा नव्हती, हे या दुर्घटनेचे एक साधे कारण होते. १५ फेब्रुवारी २०२५ रोजी नवी दिल्ली स्थानकात अशाच प्रकारे १८ जणांना प्राण गमवावे लागले. त्यानंतर गर्दीच्या ७३ स्थानकांबाहेर प्रवाशांना थांबण्यासाठी कायमस्वरूपी प्रतीक्षाक्षेत्रे उभारण्याचा निर्णय रेल्वेने घेतला. थांबण्याच्या जागेचा प्रश्न अशा रीतीने थेट जीविताशी येऊन भिडतो.

म्हैसूरला ही कसोटी दरवर्षी द्यावी लागते. विजयादशमीची जंबू सवारी राजवाड्यातून निघते आणि कृष्णराज चौक व सयाजीराव रस्त्यावरून सुमारे पाच किलोमीटरवरील बन्नीमंटपाकडे जाते. मिरवणुकीचा मार्ग बसस्थानकाला खेटूनच असल्याने त्या दिवशी बससेवेची आखणी बदलावी लागते. अशा प्रसंगी बंदोबस्त, तात्पुरते थांबे आणि पाण्याची सोय यांचे नियोजन आधीपासून झालेले असते. अवघड भाग आहे तो वर्षभराच्या साध्या दिवसांचा. दर रविवारी आणि सार्वजनिक सुट्यांच्या दिवशी सायंकाळी सुमारे पाऊण तास राजवाडा जवळपास एक लाख दिव्यांनी उजळतो. दिवे मालवले की पटांगणातील आबालवृद्ध एकाच वेळी बाहेर पडतात. त्यांतील अनेकांना चौकालगतच्या त्याच शहर बसस्थानकातून घरची बस पकडायची असते, आणि हा दिवस रविवारचा असल्याने नोकरदारांच्या गर्दीवरून आखलेल्या वेळापत्रकात त्यांची गणना बहुधा झालेली नसते.